सूट हवी होती बोलणाऱ्याला

आमच्या शाळेत प्रार्थनेला डोळे मिटायची पद्धत नव्हती. डोळे मिटले तर प्रार्थना कळणार कशी? ती बाईंच्या ओठांवर असायची. त्यामुळे सगळी मुलं हात जोडून, डोळे टक्क उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची आणि मीही त्यांच्याकडे बघत देवाशी बोलायचे. हे इतकं अंगवळणी पडलं की रविवारी चर्चमध्येही माझे डोळे मिटेनात. शेजारच्या बाकावरच्या एका मावशींनी माझ्या आईकडे तक्रार केली, "तुमची सुनंदा प्रार्थनेत सारखी इकडेतिकडे बघत असते." आई ओशाळली. मी तिला म्हटलं, "अगं, पण मी बघत असते हे मावशींना दिसलं कसं?"

पुन्हा तक्रार आली नाही.

मी नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका निवासी कर्णबधिर शाळेत वाचाशिक्षिका होते. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडी नगरच येतं. दुसऱ्यांच्या जिभा वळवण्यात आयुष्य गेलं, आता स्वतःची वळत नाही. बसमध्ये कोणी विचारलं, कुठे नोकरीला, तर मी शाळेचं नाव सांगायचे आणि समोरचा म्हणायचा, "म्हणजे ती मुक्यांची शाळा." माझं डोकं तिथेच फिरायचं. मुकं कोणी नसतं हो. या मुलांचे गळे तुमच्या-माझ्यासारखेच ठणठणीत असतात. फक्त जे कधी कानावर पडलं नाही ते तोंडातून यायचं कसं? तुम्ही-आम्ही मराठी कानाने शिकलो, दात येण्याच्याही आधी. या मुलांना ती डोळ्यांनी आणि हातांनी शिकावी लागते. ती शिकवणं हे माझं काम.

कसं शिकवतात, हे सगळेच विचारतात म्हणून सांगते. ओठांसमोर कागदाची एक पट्टी धरायची आणि 'प' म्हणायचं. फुंक लागून पट्टी हलते. 'म' म्हटलं तर ती ढिम्म. मुलाचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचा, मग त्याच्या स्वतःच्या गळ्यावर. मला थरथर लागतेय तशी तुला लागतेय का? मोठा आरसा समोर ठेवून दोघांनी एकाच आरशात तोंडं वेडीवाकडी करायची. आणि काकवी. आमच्या भागात गुऱ्हाळांना तोटा नाही. वरच्या दातांच्या मागे टाळूला काकवीचा ठिपका लावायचा आणि मुलाला तो जिभेच्या शेंड्याने चाटायला लावायचा. 'ल'चं घर तिथेच असतं. पुण्याहून एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी कपाटातली काकवीची बाटली पाहून विचारलं, हे कोणासाठी? मी म्हटलं, "अभ्यासक्रमात आहे."

मुलांना बोलवायचं तरी कसं? हाक मारून काय उपयोग. वर्गातल्या दिव्याची दोनदा उघडझाप केली की सगळ्या माना बाईंकडे वळायच्या. पहिल्या आठवड्यात लागलेली ही सवय मुलं शाळा सोडून गेली तरी सुटत नाही. आमची जुनी मुलं सांगतात, घरी लाईट गेली-आली की अजून ती बाईंना शोधतात.

शिक्षकांना मात्र कडक शिस्त होती. मुलांकडे पाठ करून बोलायचं नाही. तोंडावर हात घ्यायचा नाही. पाठीमागे खिडकी ठेवून उभं राहायचं नाही, चेहरा अंधारात जातो. पान-सुपारी नाही. आणि मिशी बेतातच. शिक्षकाचं तोंड हाच आमचा फळा, त्यावर झाडी उगवून कसं चालेल? पाथर्डीकडचे काळे सर नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांच्या मिशीने दोन्ही ओठ झाकलेले होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते चांगलेच दुखावले.

"बाई, मिशी काढली तर सासुरवाडीला काय तोंड दाखवू?"

"निदान शाळेत तरी दाखवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मिशी कातरून आले. महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण मुलांशी फार सुंदर बोलायचे. पुढे माझा त्यांच्याइतका जवळचा सहकारी दुसरा कोणी झाला नाही.

आता रोहिणी. ही कोल्हारची. तिच्या आईने तिला शाळेत आणून सोडलं तेव्हा ती सहा वर्षांची असेल. कपाळावर आठ्या, हाताची घडी. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांमध्ये हट्टी म्हणून पहिला नंबर तिचाच. बाकीच्या मुलांचा पहिला शब्द 'आई' किंवा 'पाणी' असतो. हिचा पहिला स्पष्ट शब्द होता 'नको'. मी काकवीचं बोट पुढे केलं होतं, ते तिने ढकललं आणि खणखणीत म्हणाली, "नको!" मी आनंदाने तिला उचलून घेतलं तर पुन्हा "नको!" स्वयंपाकघरातल्या मावशी धावत आल्या की बाई कोणाला मारतायत.

बोलायला शिकली, भरभर वाचायला शिकली, शिवणकाम शिकली. एकच गोष्ट राहिली, 'र'. बहिऱ्या मुलांना 'र' सगळ्यात अवघड. जिभेचा शेंडा टाळूजवळ नेऊन नुसता थरथरवायचा, तो काही दाखवता येत नाही. आणि हिच्या तर नावातच पहिला 'र'. मी किती वर्षं मागे लागले असेन. दिसली की "रोहिणी, र, जीभ वर." तिच्या लग्नात मी स्टेजवर गेले तर ती हसून म्हणाली, "बाई, बरोबर उभ्या राहा." मी तिथेच, "बरोबर. र. जीभ वर." फोटोग्राफरने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. अल्बममध्ये नवरी आणि बाई, दोघींची तोंडं उघडी आणि जिभा वर. तिचा नवरा संतोष रोपवाटिकेत कामाला होता, गुणी पोरगा. तो म्हणाला, हाच फोटो मोठा करून लावायचा. अजून भिंतीवर आहे.

मग ती साथ आली, आणि साऱ्या जगाने तोंडावर फडकं बांधलं.

नियम चुकीचा होता असं मी चुकूनही म्हणणार नाही. माझ्या नात्यातली दोन माणसं त्या साथीत गेली. पण एका आठवड्यात आमच्या मुलांच्या पुढचे सगळे फळे पुसले गेले, हेही तितकंच खरं. शाळा बंद झाली, वसतिगृह रिकामं झालं, मुलं आपापल्या गावी गेली. आणि तिथे जो तो डोळ्यांनीच बोलतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते आमच्या मुलांनी सोसलं. फरक एवढाच की दाबलेलं तोंड दुसऱ्याचं होतं.

पहिला फोन आला पुणतांब्याहून, आमच्या आठ वर्षांच्या प्रवीणच्या वडिलांचा. त्यांचा मालवाहू टेम्पो आहे.

"बाई, पोरानं पार इज्जत घालवली. किराणावाल्याच्या तोंडावरचं फडकं वढलं वो त्यानं! समदं गाव म्हनतंय, ह्यो रोग पसरवतोय. आता त्याला कोन दारात उभं करीना."

"त्याला काय हवं होतं?"

"बिस्किट. दुकानदार कायतरी म्हनला, ह्याला दिसंना काय म्हनतोय ते. म्हून वढलं. पोरगं गुंड न्हाई, बाई."

"गुंड कसला, अभ्यास करत होता तो," मी म्हटलं. "फोन द्या त्या दुकानदाराला."

दुकानदाराला सगळं समजावलं. माणूस भला होता. तो म्हणाला, "माझं काय न्हाई बाई, पन पथकवाले आले आन् मी तोंड उघडं ठिवून बोलताना दिसलो, तर मला सोडत्याल व्हय?"

हा प्रश्न रास्त होता. म्हणून काळे सरांना घेऊन मी तालुक्याच्या कचेरीत गेले. कोणत्या तालुक्याच्या ते सांगत नाही, सगळीकडे उत्तर तेच मिळालं असतं. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "अपंगत्वाचा दाखला आहे?"

"मुलांचा आहे."

"मग मुलांना मास्कमधून सूट पाहिजे, असं लिहा ना."

"मुलांना नको. मुलं मास्क लावतील. सूट हवीय त्यांच्याशी बोलणाऱ्यांना."

"म्हणजे कोणाला?"

"मला. किराणावाल्याला. कंडक्टरला. डॉक्टरला. तुम्हाला."

"मला?" ते दचकले. "मला ऐकू येतं, बाई."

"म्हणूनच तर."

भाऊसाहेबांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि विचारलं, "चहा घेणार का?" त्या कचेरीत चहाला सूट होती, तंबाखूला सूट होती आणि फोनवर बोलायला तर प्रत्येकाने आपापली सूट घेतलेली होती. फोनवरच्या माणसाला तोंड दिसत नाही, त्याच्यासाठी मास्क खाली. समोरच्या बहिऱ्या पोरासाठी मात्र वर. मी हे बोलून दाखवलं. काळे सरांनी मला कोपराने डिवचलं. भाऊसाहेब मात्र हसले, अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, मागणी योग्य आहे, पण नियमात सूट ज्याला त्रास त्याला असते, त्याच्यासमोरच्याला देण्याची सोय नाही. वर कळवतो. तोवर समजुतीने घ्या.

सरकारी काम, सहा महिने थांब. रोग मात्र थांबायला तयार नव्हता.

बाहेर आल्यावर काळे सरांनी पाणी प्यायला मास्क काढला आणि मी बघतच राहिले. मिशी! पुन्हा पहिल्यासारखी भरघोस. मास्कच्या आड त्यांनी गुपचूप वाढवून घेतली होती.

"शाळा सुरू झाली की काढतो," ते म्हणाले, "तेवढीच हौस."

त्यांच्या पत्नीने साडीच्या खोक्याचं पारदर्शक प्लास्टिक लावून मास्क शिवून दिले. कल्पना चांगली होती, पण दुसऱ्या वाक्यालाच आत वाफ धरायची आणि बाई धुक्यात नाहीशा व्हायच्या. व्हिडिओ कॉल करून पाहिले, पण गावाकडे रेंजची बोंब, ओठ मध्येच थिजायचे. शेवटी मी बॅग उचलली आणि पुणतांब्याला गेले.

प्रवीण ओट्यावर बसला होता. महिनाभर तो कोणाशी बोलला नव्हता. घरात म्हातारी आजी आजारी, म्हणून घरातली माणसंही तोंड बांधून होती. समोर त्याच्या वडिलांचा टेम्पो उभा होता. मी केबिनमध्ये चढले, काचा वर केल्या, मास्क काढला आणि त्याला हाताने बोलावलं. तो काचेला नाक लावून उभा राहिला. मी म्हटलं, "प्रवीण, कसा आहेस?" त्याचा चेहरा असा काही उजळला! मग तो बोलायलाच लागला, थांबेना.

काचेतून आवाज जात नाही. पण आवाज आम्हाला कुठे हवा होता? साऱ्या जिल्ह्यात काचेआडून शिकवू शकणारी मास्तरीण मी एकटीच, या विचाराने मला त्या उकाड्यातही हसू आलं. तोवर टेम्पोभोवती गाव गोळा झालं होतं. आत बाई हातवारे न करता नुसतं तोंड हलवतेय, बाहेर पोरगं खदखदा हसतंय.

"ह्या बाईंना येड लागलं का काय?" एक म्हातारा म्हणाला. ते मला त्याच्या मास्कमुळे कळलं नाही. प्रवीणच्या वडिलांनी नंतर सांगितलं.

तेव्हापासून मी टेम्पोच्या, जीपच्या, एकदा तर ऊसवाहतुकीच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून वर्ग घेतले. मला त्या दिवसांचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण सगळीकडे काच पोचली नाही. आमचा एक जुना विद्यार्थी आजारी पडून नगरला दवाखान्यात होता. बरा होऊन आला, पण त्याने मला जे सांगितलं ते विसरता येत नाही. तो म्हणाला, "बाई, तिथे सगळ्यांना फक्त डोळे होते. मी बरा होतोय की मरतोय, ते मला पिशवी हातात देऊन घरी पाठवलं तेव्हा कळलं." त्याच्यासाठी मी काही करू शकले नाही. त्या वाक्यानंतर मी अर्जाचं काय झालं हे विचारायला कचेरीत जाणं सोडून दिलं.

दुसऱ्या लाटेत, भर उन्हाळ्यात, दुपारी जेवायला बसले होते तेव्हा संतोषचा फोन आला. रोहिणीचे दिवस भरत आले होते हे मला माहीत होतं.

"बाई, तुमी येता का? सकाळपास्नं कळा चालू हाईत. डॉक्टर म्हनत्यात, तिला सांगितलेलं कायबी कळंना, नगरला न्यावं लागंल. आन् संगट कुनाला घेनार न्हाईत, तिला एकटीलाच. बाई, ती लई भ्याली हाय."

मला दवाखान्यातून आलेला तो मुलगा आठवला. सगळ्यांना फक्त डोळे. मी ताटावरून उठले. काळे सरांनी मोटरसायकल अशी दामटली की रस्त्यावरच्या पथकाने शिटी मारली तरी आम्ही थांबलो नाही. माझा मास्क होता, सरांचाही होता, आणि त्याच्याखाली मिशीही होती.

ग्रामीण रुग्णालयाच्या दारात संतोष आणि रोहिणीची सासू उभे होते. आतून रोहिणीचं ओरडणं ऐकू येत होतं. डॉक्टरबाई बाहेर आल्या. तरुण मुलगी, डोक्यापासून पायापर्यंत त्या पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेली, घामाने चष्मा धुरकटलेला.

"तुम्ही तिच्या शिक्षिका? हे बघा, मी घसा फोडून सांगतेय. जोर लावायचा तेव्हा लावत नाही, नको तेव्हा लावते. पाटीवर लिहून दाखवलं, तर डोळेच मिटून घेते. बाळाचे ठोके अजून चांगले आहेत, पण अशीच दमत राहिली तर इथे माझ्याकडे ऑपरेशनची सोय नाही."

"ओठ बघितल्याशिवाय तिला कळणार नाही. तुम्ही दोन मिनिटं मास्क..."

"नाही काढू शकत. आमच्या दोन सिस्टर पॉझिटिव्ह आहेत."

तिचं बरोबर होतं. "मग मला आत घ्या," मी म्हटलं. "मी काढते."

"तुम्हाला तर मुळीच नाही."

तेही बरोबरच होतं. मी दारातून आत नजर टाकली. प्रसूतिगृहाला लागून एक छोटी खोली होती, जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायची. दोन्हींच्या मधल्या भिंतीत मोठी पक्की काच बसवलेली, इकडच्या सिस्टरला तिकडचं दिसावं म्हणून. खोली रिकामी होती.

"डॉक्टर, मला त्या खोलीत कोंडा. दार बंद करा. तिथे मी एकटी असेन. एकट्या माणसाने मास्क काढला तर कोणाचा नियम मोडतो?"

डॉक्टरबाईंनी काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणाचाच नाही," त्या म्हणाल्या.

जी सूट कचेरीत मिळाली नाही, ती अशी मिळाली.

माझा फोन कानाला, डॉक्टरबाईंचा फोन आत टेबलावर स्पीकर चालू करून ठेवलेला. त्या जे म्हणतील ते मी ऐकणार आणि ओठांनी रोहिणीला सांगणार. खोलीत बाळाला ऊब द्यायचा मोठा दिवा होता. सिस्टरने जाताजाता विचारलं, अजून काही लागेल का? मी म्हटलं, हा दिवा माझ्या तोंडावर वळवा. येशील तेव्हा तुझा परत देते, असं मी न आलेल्या बाळाला मनातल्या मनात सांगितलं.

पण रोहिणीचे डोळे मिटलेले होते. दात-ओठ आवळून ती डोकं इकडून तिकडे फिरवत होती. सिस्टरने खांदा हलवला तर हात झटकून ओरडली, "नको! नको!"

"ही बोलते?" फोनमधून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "कागदावर तर मूकबधिर लिहिलंय!"

"कागद चुकलाय," मी म्हटलं. त्याही घाईत ते म्हटल्यावाचून मला राहवलं नाही.

डोळे मिटले की ती त्या खोलीत एकटी होती. मी, काच, दिवा, सगळं फुकट. कळ थांबायची तरी ती डोळे उघडायची नाही, कारण उघडून दिसायचं काय, तर पांढरे पोशाख आणि मास्क. आणि मला शाळा आठवली.

"सिस्टर, तिच्या वरचा दिवा बंद करा. चालू करा. पुन्हा बंद. पुन्हा चालू."

"अहो, कशाला?"

"करा हो!"

उघडझाप, उघडझाप. मिटल्या पापण्यांवरही उजेड कळतोच. रोहिणीची मान थांबली. तिने डोळे उघडले आणि कुठे बघावं हे कोणी न सांगता, पहिलीतल्या मुलीसारखी खोलीभर बाईंना शोधायला लागली. काचेत मी तिला दिसले. दिव्याच्या उजेडात, उघड्या तोंडाची.

"बाई," ती म्हणाली.

"आले मी," मी सांगितलं. "माझ्याकडे बघ. डोळे मिटायचे नाहीत. प्रार्थनेसारखं."

तिने मान हलवली.

मग आम्ही कामाला लागलो. डॉक्टरबाई म्हणायच्या, मी म्हणायचे, रोहिणी करायची. "जोर लाव." "अजून." "शाबास." "आता थांब, विसावा घे." "पाणी देतील, एक घोट." कळ आली की तिची नजर सुटायला बघायची, मग दिवा उघडझाप, की परत माझ्या तोंडावर. मी बंद खोलीत एकटी जिवाच्या आकांताने ओरडत होते. ओरडायची काही गरज नव्हती, ओठ हलवले तरी चाललं असतं, पण जन्माची सवय. डॉक्टरबाई हळूहळू मास्तरणीसारख्या बोलायला लागल्या, छोटी वाक्यं, एका वेळी एक गोष्ट. मला मनातून त्यांचं कौतुक वाटलं. देवाचं नावही मी घेत होते, अर्थात डोळे उघडे ठेवूनच.

शेवटी डॉक्टरबाई घाईने म्हणाल्या, "डोकं दिसतंय. आता अजिबात जोर नको! नुसती फुंकर, फू फू, फुंकर मारायला सांगा तिला!"

मी सांगितलं. रोहिणीला कळेना. सगळं अंग जोर लावायला सांगत असताना बाई थांब म्हणतेय. ती पुन्हा आवळायला लागली. मी फोन मानेने खांद्यावर दाबला, टेबलावर पडलेलं औषधाचं खोकं उचललं, त्यातला कागद फाडून पट्टी केली आणि ओठांसमोर धरली. प. पट्टी उडाली. प. प. प.

रोहिणीच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. त्या पट्टीसमोर तिने आयुष्याची कितीतरी वर्षं काढली होती. तिने ओठ मिटले आणि उघडले. प. प. प. इकडे माझी पट्टी उडत होती, तिकडे तिच्या कपाळावरची बट. आम्ही दोघी काचेच्या दोन बाजूंनी पहिलीचा धडा म्हणत होतो.

"बास, बास, छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि मग त्या काही बोलल्याच नाहीत.

फोनवर नुसती शांतता. तेवढ्या वेळात मी पहिल्यांदा डोळे मिटले असते, पण रोहिणी माझ्याकडे बघत होती. तिने ओठांनी विचारलं, "काय?" मी एक बोट वर केलं, थांब.

आणि फोनमधून रडणं आलं. पहिल्यांदा बारीक, मग चांगलं दणदणीत.

मी दिव्याकडे आणखी सरकले आणि तोंड उघडलं. हा एक शब्द तिला माझ्याकडूनच कळणार होता, त्यासाठीच तर मी इतकी वर्षं बोलत आले होते. पण रोहिणी माझ्याकडे बघत नव्हती. सिस्टरने बाळ उचलून तिच्यासमोर धरलं होतं. त्या खोलीत तिच्यासमोरच्या सगळ्यांची तोंडं झाकलेली होती, ही एक तेवढी सूट घेऊनच आलेली. मुलगी होती. लालबुंद, डोळे गच्च मिटलेले, आणि तोंड हे एवढं उघडं.

रोहिणीने ते तोंड नीट वाचलं. मग माझ्याकडे वळून, तिच्या त्या जाड, मोकळ्या आवाजात ओरडून तिनेच मला सांगितलं, "बाई! रडती! ती रडती!"

तिचा 'र' अजून कच्चाच होता. मी दुरुस्त केला नाही.